ज्यूडासचा आवाज, मिथुनचे ओठ

प्रोग्रेसिव्ह रॉकमधले गायक ऐंशीच्या दशकाच्या तोंडावर सोप्या, गोड चालींकडे वळले, तेव्हा त्यांच्यावर 'बाजारात गेल्या'चा आरोप झाला. फिल कॉलिन्स हे त्याचे ठळक उदाहरण. जेनेसिसमध्ये तो आधी ड्रम्समागे बसत असे. पीटर गॅब्रिएल गेल्यावर तो गाऊ लागला आणि 1981 मध्ये 'फेस व्हॅल्यू' हा त्याचा पहिला एकल अल्बम आला. त्याच्या मुखपृष्ठावर कॉलिन्सचा चेहरा कडेपर्यंत भरलेला आहे. संगीत सोपे झाले आणि माणूस मोठा दिसू लागला. तिकडचा हा व्यवहार होता.

आपल्याकडे तो तसा झाला का, हे तपासायला नंदू भेंडे यांच्यासारखे दुसरे उदाहरण मला सापडत नाही.

आत्माराम आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा. घर मराठी रंगभूमीचे, कान मात्र मुंबईच्या इंग्रजी रॉकचा. वेल्व्हेट फॉग, सॅव्हेज एन्काउंटर अशा बँडमधून तो गायला आणि अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये त्याने ज्यूडास केला. हे रॉक-नाट्य काटेकोर अर्थाने प्रोग्रेसिव्ह रॉक नव्हे; पण सलग कथा, विषम मात्रांचे ताल, वाद्यवृंद आणि इलेक्ट्रिक गिटार एकत्र ही महत्त्वाकांक्षा त्याच काळाची. 'एव्हरीथिंग्ज ऑलराइट' हे गाणे पाच मात्रांत चालते. मेरी त्यात अंगाई गावी तशी गाते आणि त्या झोक्यातच ज्यूडास महागड्या सुगंधी तेलावरून भांडण काढतो. झपतालाचा कान असलेल्या श्रोत्याला त्या पाचांची गंमत लगेच कळेल. ज्यूडासच्या गळ्याला तिथे संशय, राग, आरोळी हे सगळे लागते. नुसता सुरेल गायक तिथे उघडा पडतो.

हा आवाज 1982 मध्ये 'डिस्को डान्सर'मध्ये येतो. गाणे 'कृष्णा धरती पे आजा तू', संगीत बप्पी लाहिरींचे. चाल टीलमन बंधूंच्या 'जीझस' या गाण्यावरून घेतलेली. म्हणजे ज्यूडास गाजवलेला गायक येशूच्या गाण्याच्या चालीवर कृष्णाला हाक मारतो! योगायोगच, पण मुंबईलाच सुचावा असा. ठेका सरळ, मुखडा पहिल्याच ऐकण्यात पाठ होणारा. भेंडे तो जीव ओतून गातात. हाक मारताना आवाजाला जी धार येते ती रंगमंचावरची आहे, ध्वनिमुद्रणाच्या खोलीतली नाही. म्हणून 'त्यांनी स्वतःला पातळ केले' हा आक्षेप मला मान्य नाही.

तोटा झाला तो वेगळ्या ठिकाणी. त्या एका चित्रपटात मिथुन चक्रवर्तींच्या जिमीला विजय बेनेडिक्ट, किशोरकुमार, स्वतः बप्पी लाहिरी आणि भेंडे असे अनेक आवाज आहेत. गरज पडेल तसा रंग उचलावा, तसे. मुळशीतल्या आमच्या भरे गावात दहीहंडीच्या स्पीकरवर हे गाणे अजून लागते. कोणाचे, म्हणून विचारले की तरुण-म्हातारे सगळे एकच उत्तर देतात: मिथुनचे. ते चुकीचेही नाही. पार्श्वगायनाचा करारच तसा आहे. फक्त लता-किशोर यांच्यासारख्या मोजक्यांना त्यातून नाव सोडवून घेता आले. मूळ 1970 च्या अल्बममधला ज्यूडास होता मरे हेड. त्यानेही 1984 मध्ये 'वन नाइट इन बँकॉक' हे नाचते, लोकप्रिय गाणे केले आणि ते जगभर त्याच्याच नावावर वाजले. दोन ज्यूडास, दोघेही सोप्या संगीताकडे गेलेले; एकाचे नाव वाढले, दुसऱ्याचे ओठांआड गेले. गुणवत्तेतल्या फरकाने हे घडले असे मला दोन्ही ऐकून वाटत नाही.

याला उतारा मराठीत आधीच, 1978 मध्ये मिळाला होता. पुण्याच्या थिएटर अकॅडमीचे 'तीन पैशाचा तमाशा'. ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांच्या 1928 च्या नाटकाचे पु. ल. देशपांडे यांनी केलेले रूपांतर, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे. भेंडे त्यात अंकुश, म्हणजे चोरांचा म्होरक्या. नाट्यसंगीत, तमाशा आणि पाश्चात्त्य चाली एकाच रंगमंचावर नांदत होत्या. अंकुशच्या वाट्याला पाश्चात्त्य ढंग येणे मला विलक्षण शहाणपणाचे वाटते: तो शहरी, छानछोकीचा, कुठल्याच घराण्याचा नसलेला माणूस. ब्रेख्तला तर नट गाताना नट म्हणूनच दिसायला हवा होता. इथे आवाज आणि ओठ एकाच माणसाचे होते. रॉकचा खरखरीतपणा पात्राचा स्वभाव झाला, त्याला मराठीत बोलताही आले.

2014 मध्ये भेंडे गेले. त्यांच्या नावापुढे 'डिस्को डान्सर' लिहिणारे 'तमाशा'चा उल्लेख नंतर करतात. मी क्रम उलटा लावीन, आणि त्याही आधी ती पाच मात्रांतली भांडणे ठेवीन.