निळ्याचा अर्थ कोण ठरवतं?



देवळ्यात निळ्या रंगावर बोलायचं म्हणजे सुरुवात मोरचुदापासून करायला हवी. आपल्याकडे डाळिंबावर बोर्डो मिश्रण मारतात. एक टक्क्याचं करायचं तर १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना. फवारणी करून आलेल्या माणसाच्या सदऱ्यावर त्याचे निळसर डाग उरतात.

मध्यंतरी एका विद्यार्थ्याची कविता आमच्याकडे वाचायला आली. बापाच्या निळ्या हातांवर होती. आम्ही वहीवरचं आडनाव पाहिलं आणि समासात शेरा मारला : 'चळवळीचं प्रतीक चांगलं वापरलंय.' दुसऱ्या दिवशी पोरगा म्हणाला, "सर, ते प्रतीक नाही. वडील दुसऱ्यांच्या बागेत फवारणीला जातात. हात धुतले तरी नखांत राहतं."

आम्ही ओशाळलो. आजचं बोलणं त्या शेऱ्याची दुरुस्ती समजा.

मराठी समीक्षेत निळ्याचे दोन अर्थ पक्के बसलेत. पहिला भक्तीचा. ज्ञानदेवांच्या गाथेत निळ्या रंगावरचे अभंग आहेत. त्यांत कृष्णाचा रंग पसरत पसरत सगळं जगच निळं होऊन जातं. दुसरा चळवळीचा. १९४२ साली नागपुरात स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा झेंडा निळा होता. का निळा, याचं एक उत्तर सभांमधून नेहमी ऐकू येतं : आभाळ सगळ्यांवर सारखंच असतं. १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह आणि १९३५ ची येवल्याची घोषणा ज्या जिल्ह्यात झाली, तिथं या उत्तरामागची तळमळ समजावून सांगावी लागत नाही.

दोन्ही अर्थ खरेच. घोटाळा आपल्या वाटपात आहे. एका आडनावाला आपण कृष्ण देतो, दुसऱ्याला झेंडा. कविता नंतर वाचतो.

आता जी. ए. कुलकर्णींचा पहिला कथासंग्रह घ्या, १९५९ चा. नाव 'निळासावळा'. नावात कृष्णाची आठवण, आणि आत मात्र दुःखानं वेढलेली माणसं. तिथं आपण थांबतो, हा रंग कुठून आला याचा विचार करतो. एवढा धीर आपण नव्या पोराच्या कवितेला का देत नाही?

आपली भाषा तर केव्हाच दोन अर्थांच्या पुढं गेलीय. मार बसला की अंग काळंनिळं पडतं. पांढऱ्या धोतराचा पिवळेपणा झाकायला घरात नीळ देतात. या रंगाची ओढ वाटते ती त्यामुळंच, असं आम्हाला वाटतं : देव, मार, धुणं, मजुरी, सगळं त्यात एकत्र नांदतं.

त्या विद्यार्थ्याला आम्ही पुढं विचारलं, "झेंडा मनात अजिबात नव्हता का रे?"

"होता ना सर. जयंतीला वडील त्याच हातांनी लावतात. पण कवितेत मी तो आणला नाही."

म्हणजे कवीनं झेंडा जाणूनबुजून बाहेर ठेवला होता आणि आम्ही तो परस्पर आत नेऊन लावला. त्या घाईत बापाची मजुरी आमच्या नजरेतून सुटली. कवितेत होती ती तेवढीच. शेरा आम्ही खोडला. त्या जागी लिहिलं : 'नखांतलं निळं कवितेत यायला हवं होतं.'