आज्याची पावती आणि पक्षाची मालकी

आपल्या चळवळीत एक शब्द वापरून वापरून गुळगुळीत झाला आहे. तो शब्द म्हणजे ऐक्य. निवडणूक जवळ आली की तो भिंतीवर येतो आणि निवडणूक संपली की चुन्याखाली जातो. ऐक्य होत नाही याचे खापर आपण पुढाऱ्यांच्या अहंकारावर, पैशावर, खुर्चीच्या लोभावर फोडतो. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. लोभी माणसे कोणत्या पक्षात नसतात? खरा प्रश्न वेगळा आहे. पुढारी नकोसा झाला तर त्याला बदलण्याची कोणती वाट आपण साध्या सभासदाच्या हातात ठेवली? माझे म्हणणे असे की ती वाट आपण बांधलीच नाही. म्हणून फूट हीच आपल्याकडची निवडणूक होऊन बसली.

माझा आजा शेतमजूर. १९६४ च्या डिसेंबरात दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा तो तुरुंगात गेला. अंगठा उठवणारा माणूस. पण पक्षाची एक पावती त्याने पत्र्याच्या पेटीत जन्मभर जपून ठेवली. मी घरातला पहिला पदवीधर. सुट्टीत घरी गेलो की तो ती काढायचा आणि म्हणायचा, "वाच रं, काय लिवलंय." एकदा मी विचारले, "आज्या, तालुक्याचा अध्यक्ष निवडायला तुला कधी बोलावलं का?" तो हसला. "सभंला बोलवायचे की!" सभेला बोलावणे आणि मताला बोलावणे यांतला फरक त्याला कुणी सांगितलाच नव्हता. पावतीने त्याला तुरुंगात जाण्याचा अधिकार दिला. पुढारी निवडण्याचा दिला नाही.

बाबासाहेबांची शिकवण अशी होती काय? १९४२ साली नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले तेव्हा अध्यक्ष झाले मद्रासचे एन. शिवराज, बाबासाहेब स्वतः नव्हे. १९४३ च्या जानेवारीत पुण्यात रानड्यांवर बोलताना त्यांनी विभूतिपूजेवर कोरडे ओढले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी बजावले की धर्मात भक्ती तारेल कदाचित, राजकारणात ती हुकूमशाहीकडे नेते. त्याच भाषणात त्यांनी बुद्धाच्या भिक्षू संघाची आठवण दिली : तिथे ठराव होते, गणसंख्या होती, मतदान होते. आणि १९५६ साली, प्रकृती ढासळलेली असताना, त्यांनी मुंबईत राजकारणाचे शिक्षण देणारे विद्यालय काढले. म्हणजे पुढारी जन्मत नाही, तो घडवावा लागतो, हे त्यांनी नुसते सांगितले नाही, त्यासाठी वर्ग भरवला. त्यांच्या पश्चात ते विद्यालय टिकले नाही. आपण त्यांचे पुतळे उभे केले. तो वर्ग मात्र पुन्हा भरवला नाही.

हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे की बाबासाहेब हयात असताना शेवटचा शब्द त्यांचाच असे. एवढ्या उंचीच्या माणसापुढे हात वर करून विरोधी मत देण्याची सवय कार्यकर्त्यांना लागली नाही. तो दोष त्यांचा की आपला, यावर वाद होऊ शकेल. परिणाम मात्र आपण भोगला.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दोनेक वर्षांतच 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' हे शब्द आपल्या वस्त्यांत आले. बी. सी. कांबळे एका बाजूला, दादासाहेब गायकवाड दुसऱ्या बाजूला. वाद फुसका नव्हता. घटनेच्या चौकटीतले सुशिक्षितांचे राजकारण करायचे, की भूमिहीनाला घेऊन रस्त्यावर उतरायचे आणि त्यात कम्युनिस्टांशी हात मिळवायचा की नाही, हा आपल्या जगण्याचा प्रश्न होता. असा प्रश्न गावोगावच्या सभासदांपुढे ठेवायचा असतो. त्यांनी मत द्यायचे असते आणि हरलेल्या बाजूने पुढच्या अधिवेशनापर्यंत थांबायचे असते. आपल्याकडे हरलेली बाजू थांबली नाही, कारण हरजीत ठरवणारी जागाच नव्हती. प्रत्येकाने आपापला फलक रंगवला. पुढे काँग्रेसशी युती करण्याच्या प्रश्नावरही हेच झाले. गवई आणि खोब्रागडे अशा गटांत पक्ष विभागला गेला आणि कार्यकर्ता कोणत्या विचाराचा हे न विचारता 'तू कुणाचा?' असे विचारण्याची रीत पडली.

या रीतीला लाथ मारून १९७२ साली दलित पँथर उभी राहिली. आपल्या साहित्याला तिने जी धार दिली तिच्यावर आम्ही शिक्षक आजही वर्ग चालवतो. पण १९७३ च्या जाहीरनाम्यावरून मार्क्स आणि बुद्ध असा वाद पेटला तेव्हा तो सोडवायला पँथरकडेही सभासदांची यादी नव्हती, प्रतिनिधी नव्हते. १९७४ साली ढसाळ आणि ढाले वेगळे झाले. १९७७ साली ढाले आणि ज. वि. पवार यांनी पँथर बरखास्त केली. ज्या हजारो पोरांनी लाठ्या खाल्ल्या त्यांचे मत कुणी मोजले? जिला बरखास्त करताना सभासदांचे मत घ्यावे लागत नाही, ती संघटना त्यांच्या मालकीची कधी झालेलीच नसते.

मग १९९८ आले. रिपब्लिकन ऐक्याचे अध्यक्षमंडळ आणि काँग्रेसशी समझोता यांतून प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले असे चौघे एकाच वेळी लोकसभेत गेले. चौघेही खुल्या जागांवरून! आमच्या वस्तीत त्या रात्री गुलाल नव्हे, निळ उधळली गेली. पण १९९९ च्या निवडणुकीपर्यंत ते ऐक्य मोडले होते. मोडणारच होते. अध्यक्षमंडळ म्हणजे पुढाऱ्यांनी पुढाऱ्यांशी केलेला करार. लोकांच्या दडपणाने तो झाला हे खरे. पण तो झाल्यावर लोकांना त्यात जागा उरली नाही.

कुणी म्हणेल, दुसरीकडे कुठे वेगळे आहे? नाही, फारसे वेगळे नाही. कांशीराम यांनी बामसेफपासून कार्यकर्त्यांची अशी फळी बांधली की तसे काम क्वचित कुणी केले असेल. तरी २००१ साली त्यांनी वारसाचे नाव जाहीर सभेत सांगितले आणि २०२३ साली मायावतींनीही वारस म्हणून भाच्याचे नाव जाहीर केले. पुढे त्या भाच्याला काढणे आणि परत घेणे हेही वरूनच झाले. काँग्रेसमध्ये २०२२ साली मल्लिकार्जुन खर्गे मतदानाने अध्यक्ष झाले, ७,८९७ विरुद्ध १,०७२ मतांनी. ही चांगली गोष्ट आहे. पण तेही मतदान प्रतिनिधींचे. तो प्रतिनिधी गावातून कसा येतो हे विचारल्यावाचून सोडू नये.

पक्षांतर्गत लोकशाही ही केवळ नीतीची बाब नाही, हे २०२३ साली महाराष्ट्राने पाहिले. शिवसेनेचे नाव आणि चिन्ह कुणाचे हे ठरवताना निवडणूक आयोगाला पक्षाची घटना लोकशाहीची कसोटी म्हणून चालली नाही. संघटनेतल्या बहुमताचाही भरवसा धरता आला नाही. शेवटी आमदार-खासदारांची डोकी मोजली गेली. धडा आपल्यासाठीही आहे. सभासदांची वही नसेल तर पक्ष निवडून आलेल्यांचा होतो. आणि निवडून आलेल्याला विकत घेणारा मोठा पक्ष नेहमीच दारात उभा असतो.

आक्षेप मला ठाऊक आहेत. वही ठेवली तर बोगस नावे भरतील. निवडणूक घेतली तर पैसा आणि पोटजात शिरेल. आधीच अत्याचारांच्या प्रकरणांत धावणाऱ्या कार्यकर्त्याला हे सोपस्कार करायला वेळ कुठे? पण पैसा आणि पोटजात आज शिरत नाहीत काय? आज ती बंद खोलीत शिरतात. उघड्या मतदानात निदान दिसतील आणि दिसलेल्या शत्रूशी लढता येते.

गेल्या वर्षी माझा एक विद्यार्थी एका गटाचा तालुका युवक अध्यक्ष झाला. त्याने मला नियुक्तिपत्र दाखवले : वर पाच फोटो, खाली एक सही. मी म्हणालो, "अभिनंदन. तुला निवडलं कुणी?" तो म्हणाला, "साहेबांनी." "आणि काढणार कोण?" तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "सर, तेही साहेबच." त्याला दोष देऊन काय उपयोग? आम्ही शिक्षकच गौरव-विशेषांकांत लेख लिहितो, हारतुऱ्यांच्या रांगेत उभे राहतो आणि स्टाफरूममध्ये येऊन पुढाऱ्यांना शिव्या देतो. मीही असा लेख एकदा लिहिला आहे. त्या साहेबांच्या शाखेची शेवटची निवडणूक कधी झाली, हे मी त्यात विचारले नाही. ही माझी कसूर.

म्हणून ऐक्याच्या पुढच्या सभेला जाल तेव्हा व्यासपीठावर कोण कोण बसले आहे ते पाहू नका. तीन गोष्टी मागा : तालुक्याच्या सभासदांची वही, अध्यक्षाच्या मुदतीची तारीख आणि वर्षाचा हिशेब मोठ्याने वाचून. ज्या गटाकडे या तीन गोष्टी असतील तो गट लहान असला तरी पक्ष आहे. नसतील तर तो कितीही मोठा असो, ते एखाद्याचे दुकान आहे.

आजा गेला. पावती माझ्याकडे आहे. तिच्यावर त्याचे नाव आहे, पक्षाचे नाव आहे आणि कुणाची तरी सही आहे. त्या पावतीवरचे एक मत अजून द्यायचे राहिले आहे.