निपाणीच्या वखारींतील साक्ष

‘युगांतर’ या चित्रपट-समूहाने निपाणीच्या तंबाखू-कामगार स्त्रियांसमवेत 1982 साली निर्मिलेला ‘तंबाकू चाकिला ऊब आली’ हा अनुबोधपट मानवी हक्कांवरील आपल्या धर्मशिक्षणवर्गांस मोठा धडा आहे. आपण 1948 च्या जाहीरनाम्यापासून आरंभ करतो. या स्त्रिया तंबाखूच्या धुळीपासून, तुटपुंज्या मजुरीपासून आणि वखारीतील लैंगिक छळापासून आरंभ करून संघटनेपर्यंत येतात. विडी व सिगार कामगारांचा कायदा 1966 चा, सामाजिक हक्कांचा आंतरराष्ट्रीय करारही त्याच वर्षीचा. पण कागदावरील हक्क वखारीत पोहोचविण्यास संप करावा लागला. अडवून ठेवलेल्या मजुरीविषयी याकोबाने पत्राच्या 5 व्या अध्यायात लिहिले, त्यावर आपण (बहुधा सुगीच्या रविवारी) दयेचे प्रवचन करतो. या स्त्रिया दया मागत नाहीत, आपल्या श्रमाचा मोबदला मागतात. अवघी 25 मिनिटे अपुरी वाटतात, एवढाच माझा आक्षेप.