व्याकरण तिसरीत, भुलाबाई एम.ए.ला

वऱ्हाडातल्या शाळांत मराठी शिकवण्याचा क्रम कोणी मुद्दाम ठरवला नसेल, पण तो झाला आहे असा : व्याकरण तिसरीत आणि लोकसाहित्य एम.ए.ला. आठ वर्षांची मुलगी नाम, सर्वनाम, विशेषण यांच्या व्याख्या घोकते. लोकसाहित्य अभ्यास म्हणून तिला भेटतं ते अमरावतीच्या विद्यापीठात किंवा अकोल्याच्या एखाद्या महाविद्यालयात. तेव्हा ती एकवीस-बावीस वर्षांची असते आणि भुलाबाई बसवणं तिने केव्हाच सोडलेलं असतं. मधल्या काळात लोकसाहित्याची सोय स्नेहसंमेलनात. नऊवारी, नथ, स्पीकरवर तयार गाणं, तेही बहुधा सिनेमातलं. मुली ओठ हलवतात, पालक मोबाईल उंच धरून उभे राहतात. गाणं तोंडातून निघतच नाही, त्यामुळे त्यातून भाषा शिकण्याचा प्रश्नच उरत नाही.

भुलाबाईची गाणी नीट ऐकली तर तो व्याकरणाचा तयार पाठ आहे. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि कोजागिरीला उठते. महिनाभर संध्याकाळी गल्लीतल्या मुली घरोघर जाऊन टिपऱ्यांवर गाणी म्हणतात, आणि शेवटी डब्यातली खिरापत ओळखायची असते. यातली बरीच गाणी साखळीची. रुसलेल्या सुनेला न्यायला सासरचं एकेक माणूस येतं. सासरा येतो, सासू येते, दीर, नणंद, सगळ्यांत शेवटी नवरा. कडवं तेच, नातं तेवढं बदलतं, आणि नात्याबरोबर क्रियापद बदलतं : आला, आली, आले. प्रत्येकाने आणलेली वस्तूही वेगळी, म्हणून तिचं लिंग वेगळं. ‘कंसातील शब्दाचे योग्य रूप लिहा’ या प्रश्नाला वर्गात जांभया येतात. तोच प्रश्न इथे ठेक्यावर, एका दमात, दहादा सोडवला जातो. चुकलं तर ताल चुकतो आणि शेजारची कोपर मारते. लाल शाईपेक्षा ते जास्त लक्षात राहतं. खिरापतीचा खेळ तर सगळा प्रश्नार्थक वाक्यांचा आणि विशेषणांचा. गोड की तिखट, कोरडी की ओली, मोडून खायची की चाटून?

ही गाणी डोळे मिटून वर्गात न्यावीत असं मात्र मी म्हणणार नाही. त्यांतला सासुरवास भयंकर आहे. एका प्रसिद्ध गाण्यात माहेरी जाऊ पाहणाऱ्या सुनेला सासू कारल्याचं बी पेरायला लावते, मग वेल वाढेपर्यंत थांबवते, मग कारली लागेपर्यंत. मुली हे हसत हसत म्हणतात, कारण चाल खेळकर आहे. काही उत्साही शिक्षक यावर उपाय म्हणून त्याच चालीवर स्वच्छतेचे, पाणी वाचवण्याचे शब्द बसवून देतात. त्यात चाल उरते, गाणं जातं आणि हातात सरकारी घोषणा येते. त्यापेक्षा गाणं आहे तसं ठेवावं आणि मुलींना विचारावं, सुनेने पहिल्याच अटीला काय उत्तर द्यायला हवं होतं? चौथीतली मुलगी त्यावर जे वाक्य रचते ते निबंधातल्या कुठल्याही वाक्यापेक्षा जिवंत असतं, आणि त्यात ‘जर-तर’ आपसूक येतं.

मुलग्यांच्या वाट्याला पोळ्याच्या झडत्या होत्या. तोरणाखाली बैल उभे, आणि एकेक जण पुढे येऊन यमकात पाटलाला, सावकाराला, सरकारला, कापसाच्या भावाला टोमणा मारतो. शेवट महादेवाच्या जयघोषाने. यात पाठांतर आहे तशी रचनाही आहे. जुनी झडती घेऊन तिच्यात यंदाचा विषय बसवायचा म्हणजे मात्रा मोजता आल्या पाहिजेत, त्याही कानाने. ट्रॅक्टर आले, बैलजोड्या घटल्या, तशी तोरणाखालची गर्दीही पातळ झाली. शाळेत मातीचे बैल सजवण्याची स्पर्धा होते, पण झडत्यांची होताना दिसत नाही. झडती टोचते, हे एक कारण असावं.

आता व्याकरणाकडे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण 1836 चं, मोरो केशव दामल्यांचं 1911 चं. संस्कृतच्या साच्यावर बेतलेला विभक्तीचा तक्ता शाळेत अजून पाठ करून घेतला जातो. त्यात द्वितीया आणि चतुर्थीला स, ला, ते हे प्रत्यय आहेत. यातला ‘ते’ जिवंत माणसाच्या तोंडून ऐकायला मिळत नाही, तरी तो तक्त्यात ठाण मांडून आहे. अकोट-दर्यापूरकडची लेकरं मात्र ‘मले’, ‘तुले’, ‘बैलाले’ म्हणतात, आणि त्या ‘ले’ला तक्त्यात घर नाही. तो फक्त वहीत खोडला जातो. तो खोडण्याआधी फळ्यावर ‘ला’च्या शेजारी लिहायला काय हरकत आहे? मुलाला नियम माहीतच असतो; प्रत्यय सर्वनामाला कसा लागतो, नामाचं सामान्यरूप कसं होतं, हे सगळं तो चुका न करता करत असतो. त्याला शिकायचं असतं ते इतकंच, की पेपरात ‘ले’च्या जागी ‘ला’ लिहायचा.

अशा जागा भरपूर आहेत. ‘डोया’, ‘काया’, ‘जवय’ यांत ‘ळ’चा ‘य’ इतक्या शिस्तीने होतो की त्याचा नियम तिसरीतलं पोरही शोधून काढील. ‘काय करून रायला’ हा चालू वर्तमानकाळ आहे. ‘माहा आजा रोज वावरात जाये’ म्हणणाऱ्या मुलाला रीती भूतकाळ येतो. पुस्तकातलं ‘जाई’ हे रूप पुण्या-मुंबईच्या मुलाला परकं वाटेल, याला ते घरचं वाटायला हवं. मुली ‘मी गेली’ म्हणतात. ती चूक नाही, क्रियापदाची वेगळी मांडणी आहे. प्रमाणभाषा शिकवूच नये असा याचा अर्थ कोणी काढू नये. ती नीट आली नाही तर नुकसान खेड्यातल्या पोरांचंच, कारण स्पर्धापरीक्षेचा पेपर ‘मले’ ओळखत नाही. पण एका भाषेचा नियम दिसला की दुसरीचा लवकर कळतो.

बोलीला कवितेत मात्र मुभा आहे. बहिणाबाईंच्या कविता पाठ्यपुस्तकात लाडाने शिकवल्या जातात. त्यांतल्या भाषेवर व्याकरणाचा एकही प्रश्न येत नाही. सिनेमात तर तेवढीही मुभा नव्हती. अकोल्याच्या विठ्ठल वाघांच्या तिफणीच्या कवितेतली ‘काया’ माती 1981 च्या ‘अरे संसार संसार’ या चित्रपटात गाणं होऊन आली तेव्हा ‘काळी’ झाली. गाणं घराघरांत गेलं, वऱ्हाडातही पोरं ते ‘ळ’ लावूनच म्हणतात. कादंबरीकारांनी आपापली तडजोड केली. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मध्ये माणसं वऱ्हाडी बोलतात आणि लेखक प्रमाण मराठी. परतवाड्यात जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांनी ‘पूर्णामायची लेकरं’ बोलीवर उभी केली, तर पुरुषोत्तम बोरकरांच्या ‘मेड इन इंडिया’त निवेदनही वऱ्हाडीच. तिन्ही पुस्तकं मोठ्यांची. बोलीत लिहिलेलं, आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या हातात देण्याजोगं पुस्तक शोधायला जा, हात रिकामा परत येतो.

संकलन झालं नाही अशी तक्रार कोणी करू नये. सरोजिनी बाबरांनी राज्य लोकसाहित्य समितीकडून ‘भोंडला भुलाबाई’ काढलं, मधुकर वाकोडे, प्रतिमा इंगोले यांनी वऱ्हाडचं लोकसाहित्य धुंडाळलं, वाघांनी म्हणींचा अभ्यास केला. पण हे सारं संशोधकाने संशोधकासाठी केलेलं आहे. त्यात चाल नाही, टिपरीचा ठेका नाही, आणि शिक्षकाला उद्या दुसऱ्या तासाला काय करायचं याचा पत्ता नाही.

आणि हे त्या मुलखात, जिथे दोन्ही गोष्टींचा मान आधीपासून आहे. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात महदंबेने धवळे म्हटले. ती लग्नगीतं; म्हणजे मराठीची आद्य कवयित्री लोकगीताच्या घाटातच लिहीत होती. ज्या महानुभाव पंथात ती होती त्याच पंथातल्या भीष्माचार्यांचं ‘पंचवार्तिक’ मराठीचं पहिलं व्याकरण मानलं जातं. आता रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभं राहतं आहे. तिथे पीएच.डी. होतील यात शंका नाही. पहिली ते चौथीच्या शिक्षकांसाठी तिथे काही होतं का, यावर मी त्याची किंमत ठरवीन.

लोकसाहित्यातून भाषा शिकवण्याचा हा प्रयोग फिलिपीन्समध्ये सरकारी पातळीवर झाला आहे. तिथे सातवीच्या फिलिपिनो विषयात ‘इबोंग आदार्ना’ हे जादूच्या पाखराचं जुनं कथाकाव्य आणि लोककथा शिकवतात, आणि भाषेचे घटक त्या कथांच्याच आधाराने येतात. प्रयोगाचा हा भाग मला हेवा वाटावा असा आहे. पण खालच्या वर्गांत मातृभाषेतून शिकवण्याची योजना 2012 मध्ये 12 भाषांत सुरू झाली, पुढे ती 19 भाषांपर्यंत गेली, आणि 2024 च्या कायद्याने तिची सक्ती काढून टाकण्यात आली. पुस्तकं आणि तयार शिक्षक यांची चणचण हे मोठं कारण होतं. धोरण आधी आणि गोष्टीची पुस्तकं नंतर, असा क्रम तिथे लागला होता.

मेळघाटात हाच प्रश्न आणखी अवघड होतो. धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू मुलाला प्रमाण मराठी परकी आणि वऱ्हाडीही परकीच. कोरकू मुंडा कुळातली; तिच्यात एकवचन, अनेकवचनाशिवाय द्विवचनही आहे. आठवीत संस्कृत सुरू झालं की हेच द्विवचन नवलाची गोष्ट म्हणून शिकवलं जातं. ज्या मुलाच्या घरात ते रोज बोललं जातं, त्याला त्या तासाला उभं करून कोणी विचारलंय? त्याचं गादली-सुसून नृत्य मात्र जिल्हास्तरीय महोत्सवात हमखास असतं.

सुरुवात करायला नवीन अभ्यासक्रमाची वाट पाहण्याचं कारण नाही. पोळा श्रावण अमावस्येला येतो, भुलाबाई त्यानंतर पंधरा दिवसांनी बसते आणि कोजागिरीपर्यंत राहते. तेव्हा शाळेचं पहिलं सत्र चालू असतं, लिंग-वचनाचे पाठ त्याच सुमारास होतात आणि टिपऱ्या मुलींच्या दप्तरात असतात.