पश्चात्तापाच्या वाक्यातील कर्ता : गोव्याचे इन्क्विझिशन आणि चर्चची कबुली

राजापूर तालुक्यातील नाटे या गावी, यशवंतगडाच्या सावलीत, प्रस्तुत लेखकाने लहानपणी एक हकिकत ऐकली होती. पाद्र्यांनी रात्री विहिरीत पाव टाकले, सकाळी बायाबापड्यांनी तेच पाणी भरले, आणि सारा गाव बाटला. हा गाव कोणता, हे सांगणारास ठाऊक नव्हते. हीच कथा वसईपासून गोव्यापर्यंत गावोगाव सांगितली जाते. इतिहासाचे साधन म्हणून तिचे मूल्य अल्प आहे. भाषेचे साधन म्हणून मात्र ती विचारात घेण्याजोगी आहे. पाव टाकतो पाद्री, परंतु 'बाटला' या अकर्मक क्रियापदाचा कर्ता ठरतो पाणी पिणारा. पुढे 'बाटगा' हा शिक्काही त्याच्याच कपाळी बसतो.

करणारा कोण आणि वाक्याचा कर्ता कोण, यांतील हे अंतर डोळ्यांपुढे ठेवून गोव्यातील धर्मछळाविषयी ख्रिस्ती चर्चने आजवर काय म्हटले आहे, याचे परीक्षण येथे करावयाचे आहे.

प्रथम वस्तुस्थिती. गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना इ. स. १५६० मध्ये झाली. १७७४ ते १७७८ हा अल्प खंड वगळता हे धर्मन्यायासन १८१२ पर्यंत चालले. या न्यायासनाच्याच एका अधिकाऱ्याने, जुआंव देल्गादु फिगेइरा याने, १६२३ साली सिद्ध केलेल्या सूचीत तोपर्यंतच्या सुमारे ३,८०० खटल्यांची नोंद आहे. न्यायासन बंद झाल्यावर खटल्यांचे बहुतेक कागद नष्ट करण्यात आले. १७३६ च्या जाहीरनाम्याने ज्या गोष्टींना मनाई केली, त्यांत लग्नातील गाणी, हळद, अंगणातील तुळस आणि मिठावाचून शिजविलेला भात यांचाही समावेश होता.

भाषेच्या अभ्यासकास याहूनही विचारात पाडणारी गोष्ट निराळी आहे. ज्या चर्चच्या छायेत हे घडले, त्याच चर्चच्या सेवकांनी आपल्या भाषांची अमोल सेवा केली. फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. त्याचेच कोंकणी व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, १६४० साली, तेथेच प्रसिद्ध झाले. परंतु २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर याने फर्मान काढले, की प्रजेने तीन वर्षांत देशभाषा टाकून पोर्तुगीज बोलू लागावे. संभाजीराजांच्या गोव्यावरील स्वारीस तेव्हा वर्षही लोटले नव्हते. पण केवळ राजकीय भीतीने या फर्मानाचा उलगडा होत नाही. त्यामागे फ्रान्सिस्कन पाद्र्यांचा आग्रह होता, हे कुन्य रिव्हार याने १८५८ च्या आपल्या कोंकणीविषयक निबंधात स्पष्ट दाखविले. हा विद्वान स्वतः पोर्तुगीज होता आणि गोव्याच्या सरकारचा चिटणीस होता. त्याने दोष कोणाचा, हे नाव घेऊन सांगितले. अ. का. प्रियोळकरांचा इन्क्विझिशनवरील इंग्रजी ग्रंथ १९६१ साली मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केला, त्याच्या एक शतक आधीची ही गोष्ट आहे.

आता चर्चच्या स्वतःच्या शब्दांकडे वळू. १९९८ च्या जानेवारीत व्हॅटिकनने इन्क्विझिशनचे रोममधील दप्तर अभ्यासकांस खुले केले. गोव्याचे न्यायासन लिस्बनच्या ताब्यात असल्यामुळे त्याचे उरलेले कागद लिस्बन आणि रिओ दि जानेरो येथे आहेत. तथापि हे पाऊल महत्त्वाचे होते, यात शंका नाही. त्यानंतर १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी सेंट पीटरच्या मंदिरात जाहीर क्षमायाचना केली. सत्याच्या सेवेत घडलेल्या पापांची कबुली त्यात स्वतंत्रपणे दिलेली आहे. तिचा आशय असा, की चर्चच्या माणसांनीही श्रद्धेच्या नावाखाली कधी कधी शुभवर्तमानाला न शोभणारे मार्ग अवलंबिले.

या वाक्याला कर्ता आहे, हे मान्य केले पाहिजे. पण तो 'चर्च' नव्हे, 'चर्चची माणसे' आहे. क्रियेला 'कधी कधी' हे विशेषण लागले आहे आणि 'इन्क्विझिशन' हा शब्द तेथे नाही. ही शब्दयोजना सहजगत्या झालेली नाही. आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने त्याच सुमारास प्रसिद्ध केलेल्या निबंधात चर्चचे पावित्र्य आणि चर्चच्या लेकरांची पापे यांत भेद केला आहे. ईश्वरशास्त्राच्या दृष्टीने या भेदास आधार असेल. परंतु अडीचशे वर्षे चाललेले न्यायासन म्हणजे वाट चुकलेली चार माणसे नव्हेत. त्याला नियम होते, पगारी अधिकारी होते, दप्तर होते. अशा कृत्याचा कर्ता संस्था हाच असू शकतो. 'आमच्या हातून घडले' हे मराठीत नम्रतेचे वाक्य आहे खरे. पण त्यात हात तेवढे पुढे येतात, माणूस मागे राहतो.

असे वाक्य उच्चारणे चर्चला अशक्य आहे, असे मात्र नाही. ९ जुलै २०१५ रोजी बोलिव्हियात पोप फ्रान्सिस यांनी अमेरिका खंडाच्या पाडावातील अपराधांबद्दल क्षमा मागताना खुद्द चर्चच्या अपराधांचा निर्देश केला. २५ जुलै २०२२ रोजी कॅनडात, आदिवासी मुलांच्या निवासी शाळांविषयी बोलताना, त्यांच्या भाषा दडपल्या गेल्याचा उल्लेख त्यांनी नेमकेपणाने केला. पण तेथे कर्ता पुन्हा 'अनेक ख्रिस्ती लोक' असा झाला, आणि त्यावर तेथील विचारवंतांनी टीकाही केली. या गाजलेल्या निवेदनांत गोव्याचे नाव नाही. १६८४ चे फर्मान आणि कॅनडातील शाळा यांची जात एकच असताना हे मौन खटकते.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की दोष पोर्तुगीज राजसत्तेचा होता. पाद्रुआदुच्या व्यवस्थेत राजा आणि चर्च एकमेकांत गुंतलेले होते, हे खरेच. पण निवाडा देणारे धर्माधिकारीच होते. भागीदारीतील कर्ज एका भागीदाराच्या नावे टाकून दुसरा मोकळा होत नाही. दुसरा आक्षेप असा, की चर्चने मुद्रण दिले, व्याकरण दिले, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर गोव्यात कोंकणीतून व वसईत मराठीतून उपासना सुरू केली. ही कृतीने केलेली भरपाई आहे, असे आम्हीही मानतो. परंतु पुण्य जमेस धरले म्हणून ऋणाची नोंद खोडता येत नाही.

राहिला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. ही क्षमा कोणाची मागावयाची? इन्क्विझिशनचा मुख्य अधिकार बाप्तिस्मा घेतलेल्यांवर चाले. 'क्रिस्तपुराणा'च्या आरंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण विचारतो, की जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही? अशा माणसाच्या घरातील तुळस आणि लग्नगीत हाच खटल्याचा विषय होई. म्हणजे छळ सोसणारांत फार मोठा भाग आजच्या गोमंतकीय ख्रिस्ती समाजाच्या पूर्वजांचा होता. चर्चचे पहिले देणे स्वतःच्या लेकरांचेच आहे. जे लोक आज या इतिहासाचा जाब गोव्याच्या ख्रिस्ती शेजाऱ्याला विचारतात, ते फिर्यादीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात.

आणि येथे आमच्याही भाषेची झडती घेतली पाहिजे. पाव पडलेल्या विहिरीचे पाणी प्यालेल्यास परत घरात घेण्याची वाट कोणत्या पाद्र्याने बंद केली होती? ती आम्हीच बंद केली, आणि 'तो बाटला' असे म्हणून आमचा कर्ताही वाक्यातून काढून घेतला. चर्चने 'आम्ही छळ केला' असे म्हणावे, ही अपेक्षा न्याय्य आहे. 'आम्ही दार लावले' हे वाक्य ज्यांना उच्चारता येईल, त्यांनी ती अधिक अधिकाराने करावी.