एकविसातले बारा-तेरा

सायकल वाचायची तर सुरुवात टायरपासून करावी, कारण तिथं खरोखरच काहीतरी लिहिलेलं असतं. रबराच्या बाजूवर, उठावाच्या अक्षरांत, '७०० × ३५ सी' आणि त्याच्या शेजारी '३७-६२२'. दुकानात उभं असताना खाली वाकून हे कोणी पाहत नाही. रंग पाहतात, डिस्क ब्रेक आहे का पाहतात, नळीवर कोणाचं नाव आहे ते पाहतात. पण पंधरा हजारांच्या आसपास मिळणाऱ्या हायब्रीड सायकलीचं निम्मं म्हणणं या आकड्यांतच सांगून झालेलं असतं. ६२२ म्हणजे रिमवर टायर जिथं बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. हे माप रोड बाइकचं. पस्तीस-सदतीस ही टायरची रुंदी. रोड बाइकला ती पंचवीस-अठ्ठावीसच्या घरात असते, एमटीबीला, म्हणजे डोंगरावरच्या सायकलीला, पन्नासच्या पुढे. म्हणजे चाकाचा घेर वेगाच्या बाजूचा आणि टायरचं पोट खड्ड्यांच्या बाजूचं.

७०० हा आकडा फ्रेंच वळणाचा आहे. टायरसकट चाकाचा बाहेरचा व्यास साधारण ७०० मिलिमीटर, म्हणून ते नाव. पुढे टायर जाड-बारीक होत गेले, नाव तेच राहिलं. आपल्याकडच्या काळ्या, दणकट, दूधवाल्यांच्या सायकलीचा टायर २८ × १½ असतो आणि त्याच्या रिमचं माप ६३५. गंमत अशी की बोलताना दोघींनाही 'अठ्ठावीस इंची'च म्हणतात. त्यामुळे नाक्यावरच्या दुकानात जाऊन 'अठ्ठावीसचा टायर द्या' म्हटलं की तो काळ्या सायकलीचा काढून देतो आणि घरी आल्यावर तो रिमवर सैल लोंबतो. तेरा मिलिमीटरचा फरक, पण तिथं तडजोड नाही. हवेचं मात्र उलट आहे. काळ्या सायकलीच्या व्हॉल्वला ती बारीक रबरी नळी लागायची, उन्हानं चिकटायची, आणि ऐन वेळी दगा द्यायची. हायब्रीडच्या ट्यूबला बहुतेकदा स्कूटरसारखाच व्हॉल्व असतो, त्यामुळे पेट्रोल पंपावरही काम भागतं.

पस्तीसचा अर्थ पुण्यात चालवल्यावर उलगडतो. इथला रस्ता सलग एका स्वभावाचा नाही. डांबर संपतं तिथं सिमेंट सुरू होतं आणि दोघांच्या मध्ये बोटभर पायरी राहते. मग पेव्हर ब्लॉक, मग चेंबरचं झाकण, कधी रस्त्याच्या वर आलेलं, बहुतेकदा खाली गेलेलं. मग कुठल्याशा सोसायटीनं स्वतःच्या हिमतीवर घातलेला स्पीडब्रेकर. पंचवीसच्या टायरवर यातली प्रत्येक गोष्ट मनगटापर्यंत पोहोचते. पन्नासचा गाठींचा टायर सगळं गिळून टाकतो, पण गुळगुळीत रस्त्यावरही घुं घुं करत पायांतलं बळ खात राहतो. पस्तीसचा टायर पायरी कळवतो आणि पुढे जातो. त्यासाठी हवा मात्र नीट हवी. तिची मर्यादाही टायरवरच छापलेली असते, साधारण ५० ते ७५ पीएसआय. अंगठ्यानं दाबून 'आहे की' म्हणण्याची आपली पद्धत इथं चालत नाही. काटा असलेला पंप घेतला की पहिल्याच दिवशी कळतं, अंगठा किती उदार असतो ते.

हायब्रीडची जात जन्मली तशी अलीकडे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही तरुण जुन्या जाड टायरांच्या सायकली माउंट टॅमलपायसवरून खाली सोडत होते. त्यातून एमटीबी आली, १९८१ साली 'स्टम्पजम्पर' या मॉडेलच्या रूपानं ती कारखान्यात घाऊक बनू लागली आणि पाहता पाहता ज्यांच्या आसपास डोंगरच नाही अशा माणसांनीही ती घेतली. तिचं आडवं हँडल आणि हलके गिअर त्यांना आवडले, जड टायर आवडले नाहीत. ऐंशीचं दशक संपता संपता कंपन्यांनी त्या हँडलाखाली रोड बाइकची चाकं घातली. एवढीच कथा. तिच्यात कोणी महान संशोधक नाही, आणि मला ते बरं वाटतं.

आता सायकलीत जे नाही तेही पाहावं. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, चेनकव्हर नाही, डायनॅमो तर नाहीच. काळ्या सायकलीवर वाढलेल्या माणसाला ती अर्धवट विणलेली वाटते. आमच्या शेजारचे काका पाहताच म्हणाले, "बाकीची कधी येणार?" पण मागच्या चाकाच्या ॲक्सलजवळ, फ्रेमच्या टोकाला, आणि वर सीटखालच्या नळ्यांवर बारीक भोकं दिसतात. नुसती भोकं नव्हेत, त्यांना आतून आटे पाडलेले असतात. कॅरिअर आणि मडगार्ड पुढे कधी बसवायचे झाले तर त्यांच्यासाठी केलेली ती सोय. कारखान्यात एकेका भोकाला आटे पाडायलाही पैसे पडतात, आणि दुकानात त्यांच्याकडे पाहून कोणी सायकल घेत नाही. तरी ज्या बनवणाऱ्यानं ती ठेवली, त्यानं ही सायकल भाजी आणायला, ऑफिसला, पावसात वापरली जाणार हे धरलेलं आहे. स्वस्त सायकलीची पारख मी याच भोकांवरून करतो. ती नसतील तर बाकीचं कितीही चकचकीत असो, पुढची सायकल पाहावी.

माझी नजर सगळ्यात जास्त रेंगाळते ती मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला. तिथं ॲक्सलच्या खाली, तळहातात मावेल एवढं एक काळं यंत्र लोंबत असतं, मागचा डिरेलर. चेन त्याच्या दोन दातेरी पुल्यांमधून इंग्रजी एस अक्षरासारखी वळत जाते. खालची पुली स्प्रिंगच्या जोरावर चेनचा सैलपणा खेचून धरते, वरची तिला एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर नेते. मधलं अंग म्हणजे चार खिळ्यांवर हलणारा समांतरभुज चौकोन. हँडलवरून केबल ओढली की तो आत कलतो, पण पुलीचं तोंड तिरकं होत नाही. चेन सरळच्या सरळ आत सरकते.

याच्याही पुढे एक बारकावा आहे. हा चौकोन मुद्दाम तिरपा बसवलेला असतो, म्हणजे आत जाताना पुली थोडी खालीही उतरते. का? कारण आतली चक्रं मोठी मोठी होत जातात. पुली उतरली नाही तर त्यांना जाऊन भिडेल, आणि आधीपासूनच खाली ठेवली तर छोट्या चक्रापासून फार लांब राहील, मग गिअर पडायला वेळ घेईल. तिरप्या चौकोनामुळे दर चक्राशी अंतर जवळजवळ सारखं राहतं. ही कल्पना जपानच्या सनटूर कंपनीनं १९६४ साली काढली आणि पेटंट घेतलं. वीस वर्षं बाकीचे हात चोळत बसले. १९८४ मध्ये पेटंटची मुदत संपली, आणि त्याच सुमारास शिमानो कंपनीनं आपल्या शर्यतीच्या ड्युरा-एस संचामध्ये 'खट्' आवाजासरशी नेमका एक गिअर टाकणारी रचना आणली. त्याआधी गिअर कानानं आणि अंदाजानं शोधावा लागे. टूर द फ्रान्समध्ये तर १९३७ पर्यंत डिरेलर वापरायलाच परवानगी नव्हती. एके काळी एकाच कंपनीच्या ताब्यात असलेला तिरपा चौकोन आणि पुढे फक्त शर्यतवाल्यांनाच परवडणारा तो 'खट्', हे दोन्ही आज शिमानोच्या सगळ्यात खालच्या पायरीवरच्या टूर्नीमध्ये, पत्र्याच्या आणि प्लॅस्टिकच्या अंगात, फुकट मिळाल्यासारखे येतात. डिरेलरच्या मागच्या अंगाला 'एच' आणि 'एल' अशी अक्षरं असलेले दोन बारीक स्क्रू असतात. चेन बाहेर किती जाणार आणि आत किती, या दोन हद्दी ते राखतात. एल ढिला राहिला तर चेन थेट आऱ्यांत घुसते. घ्यायच्या आधी स्टँडवर चाक फिरवून सगळे गिअर वर-खाली करून दाखवा म्हणावं. चांगला कारागीर स्वतःहून करतोच.

त्याच दुकानात हमखास ऐकू येणारं वाक्य: "सर, यात एकवीस आहेत, त्यात आठच."

एकविसाचा हिशेब एकदा कागदावर करून पाहण्यासारखा आहे. टूर्नीच्या एका नेहमीच्या जोडणीत पुढे ४२, ३४ आणि २४ दात्यांची तीन चक्रं, मागे १४ पासून २८ पर्यंत सात. तीन सत्ते एकवीस. पण पुढचं २४ आणि मागचं १४ यांचं गुणोत्तर येतं १.७१. पुढचं ३४, मागचं २० यांचं १.७०. पुढचं ४२, मागचं २४ यांचं १.७५. तीन वेगळे गिअर, पायाला एकच. शिवाय पुढचं सगळ्यात मोठं आणि मागचं सगळ्यात मोठं चक्र एकत्र लावलं की चेन तिरकी ताणली जाते आणि कुरकुरते. दोन्हीकडची सगळ्यात छोटी लावली तरी तेच. अशी टाळायची आणि पुन्हा पुन्हा येणारी वजा केली की हातात राहतात जेमतेम बारा-तेरा. मला यात फसवणूक वाटत नाही, पुनरुक्ती वाटते, आणि तिचा उपयोगही आहे. सपाटीवर मधल्या चक्रावर राहून मागचेच गिअर बदलत सगळं शहर फिरता येतं. पुढचा गिअर फक्त मोठ्या चढाला आणि मोकळ्या उताराला बदलायचा. खरी गोष्ट टोकांना आहे. सगळ्यात जड गिअरला पेडलच्या एका फेरीत सायकल साडेसहा मीटर जाते, सगळ्यात हलक्या गिअरला जेमतेम एक मीटर शहाऐंशी सेंटिमीटर. पाय मिनिटाला साठ फेऱ्यांच्या एकाच लयीत ठेवले तर पहिल्यात ताशी तेवीस किलोमीटर, दुसऱ्यात पावणेसातच्या आत-बाहेर.

आकडे पायांना कळतात ते पहिल्या फेरीत. त्याआधी सीटचा प्रश्न येतो. आपल्याला दोन्ही पाय जमिनीला टेकलेले हवे असतात, दुकानदारही गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून सीट खाली घेऊन देतात, आणि मग माणूस गुडघे छातीशी आणत पेडल मारतो आणि महिनाभरात गुडघेदुखीला सायकल जबाबदार धरतो. टाच पेडलवर ठेवली, पेडल सगळ्यात खाली नेलं, की पाय सरळ व्हायला हवा. एवढी सीट वर घेतली की बसल्या बसल्या फक्त चवडा टेकतो आणि पोटात गोळा येतो. डाव्या पेडलवर पाय ठेवून, दोन-चार ढांगा मारून मागून टांग टाकायची जुनी सवयही सोडावी लागते. नळी पायांत घेऊन उभं राहायचं, उजवं पेडल वर आणायचं, त्याच्यावर भार टाकला की त्याच एका दाबात सायकल पुढे आणि आपण सीटवर.

लॉ कॉलेज रस्ता संपून सेनापती बापट रस्ता लागतो आणि टेकडीच्या कडेनं वर चढू लागतो. काळ्या सायकलीवर इथं उभं राहून पेडल मारायचं किंवा सरळ उतरून हातात धरायची. हायब्रीडवर पहिल्यांदा आलेला माणूसही सवयीनं जोर वाढवतो, चढ अंगावर आल्यावर मग गिअर आठवतो, आणि त्या जोरातच तो टाकतो. चेन कडकडते, अडते, एकदम पडते. इथली खुबी अगदी छोटी आहे. गिअर टाकण्याच्या क्षणी पाय फिरते ठेवायचे पण त्यांतला जोर काढून घ्यायचा, अर्धी फेरी पुरते. मग तो 'खट्' येतो, चेन शेजारच्या दात्यांवर चढते आणि पाय पूर्वीच्याच लयीत फिरू लागतात. चढ तेवढाच राहतो. रिक्षा तितक्याच जवळून जातात. फक्त श्वास मोजून घेता येतो. सिम्बायोसिसच्या पुढे उतार लागल्यावर ब्रेकचं महत्त्व कळतं. या किमतीत मी रिमवर दाबणारे साधे व्ही-ब्रेकच पसंत करतो. पावसात रिम ओली असली की चाकाच्या पहिल्या फेऱ्या ते पाणी पुसण्यात घालवतात, हे खरं. पण त्यांचे रबर कुठंही मिळतात आणि कोणालाही बदलता येतात. स्वस्त डिस्क वाकडी होऊन घासू लागली की सगळा रस्ता तिची तक्रार ऐकत जावं लागतं.

मग सायकल स्वस्त झाली कशी? पैसे कुठं वाचवले ते शोधत गेलं की बनवणाऱ्याची समज दिसते. मागची चक्रं कॅसेटची नसतात, हबवर आट्यांनी आवळलेलं फ्रीव्हील असतं. त्यात छर्रे ॲक्सलच्या टोकापासून आत राहतात, म्हणून फार वजन टाकून खड्ड्यात आपटलं तर ॲक्सल वाकू शकतो. रोजच्या जा-येला ते चालून जातं. सीट नको इतकी मऊ, मुठी साध्या रबराच्या, पेडलं प्लॅस्टिकची. हे सगळं नंतर, एकेक करून, थोड्या पैशांत बदलता येतं, म्हणून कात्री तिथं लागली हे योग्यच झालं. मला खुपतो तो पुढचा स्प्रिंगचा फोर्क. त्याच किमतीत तो हवा तर पैसे दुसरीकडून काढावे लागतात, आणि ते निघतात रिममधून, हबमधून, जे बदलणं महाग. वर तो साध्या फोर्कपेक्षा किलोभर तरी जड, आणि चढावर जोर लावला की आपल्याच ताकदीवर खाली-वर होतो. रस्त्याचे धक्के सोसायला पस्तीसचा टायर असताना त्याची गरज नाही.

पहिल्या महिन्यात केबल थोड्या सैलावतात आणि 'खट्' उशिरा येऊ लागतो. डिरेलरपाशी केबल जिथं शिरते तिथली गोल फिरकी बोटानं अर्धा वळसा उलगडली की तो परत जागेवर येतो. आरेही बसतात, म्हणून दुकानात नेऊन चाकाचा आउट काढून घ्यावा. पेडलं बदलायला मात्र दुकान लागत नाही, पंधरा नंबरचा पाना पुरतो. फक्त डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, चालवताना ते आपोआप सुटू नये म्हणून. ते काढायला पाना घड्याळाच्या दिशेनं फिरवायचा.