'स्मृतिचित्रे'तलं बालपण: हसू येतं, पण कुणावर?

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' नगरकरांना घरचं पुस्तक वाटतं. रेव्हरंड टिळकांचा संसार नगरला झाला, लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा 1900 साली राहुरीला झाला. पण आज मी फक्त सुरुवातीच्या प्रकरणांबद्दल बोलणार आहे, जलालपूरच्या गोखल्यांच्या घराबद्दल.

सासऱ्याला 1857 च्या धामधुमीत फाशी झाली, आणि त्यानंतर वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. धुणं, शिवाशिव, विटाळ यांतच अख्खं घर पिळून निघालं. आपण हे वाचताना हसतो. लक्ष्मीबाईच हसवतात. आणि मग बरेच वाचक म्हणतात, 'काय गंमतीदार माणसं होती जुनी!' माझा आक्षेप इथेच आहे. गंमत सांगण्यात आहे, घरात नव्हती. त्या घरातल्या पोरांना बापाचा धाक होता, आणि आईला दिवसभराचा जाच.

दुसरी बाजू बघा. किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' 1994 साली आलं. आई तमाशात, मूल आजोळी. तिथे दुःख उघडं आहे, म्हणून आपण गप्प होऊन वाचतो. लक्ष्मीबाई हसवतात, म्हणून त्यांचं दुःख आपण हलकं धरतो. हा वाचकाचा दोष आहे, पुस्तकाचा नाही.

मग लक्ष्मीबाईंनी वडिलांना माफ केलं का? मला तसं वाटत नाही. त्या वेडाचं कारण सांगतात, पण कारण सांगणं म्हणजे पांघरूण घालणं नव्हे. फाशीचा धक्का खरा होता. त्याची किंमत बायकापोरांनी मोजली, हेही खरंच. दोन्ही गोष्टी त्या शेजारी-शेजारी ठेवतात आणि निवाडा देत नाहीत.

आता पुढची प्रकरणं याच्याशी जोडून वाचा. मावशीच्या घरी वाढलेली ही मुलगी पुढे नगरला स्वतःच्या घरात परक्यांची लेकरं सांभाळते. ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, त्याच घरात मुलासारखे राहिले. सोवळ्यात पिचलेली हीच मुलगी विटाळाची कल्पना मनातून काढून टाकते. बालपणामुळेच हे घडलं, असं पुस्तक कुठेही म्हणत नाही, आणि मीही ठामपणे म्हणणार नाही. पण पहिली प्रकरणं नुसती विनोदी म्हणून वाचलीत, तर राहुरीचा तो निर्णय केवळ नवऱ्यामागे जाणं वाटेल. त्यामागे किती जुना हिशेब होता, ते दिसणारच नाही.